फोन ठेवल्यावरचं बीपी

प्रिय दादा,

फोनवर बोलण्यासारखं असतं तर फोनच केला असता. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. समोर कुणाची तरी पँट आल्टरला पडली आहे, उद्या द्यायची आहे, पण मशीनवर बसायचं त्राण नाही.

बाबा बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडले ते तुला सांगितलंच होतं. लागलं फारसं नाही, पण तेव्हापासून ते भिंत धरून चालतात, आणि विचारलं की म्हणतात, रंग कुठं उडालाय ते बघतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या जास्त होत असाव्यात. वाढवल्या होत्या त्यांनीच, पण मी रोज कळवलेल्या आकड्यांवरून. मग त्यांनी बाबांच्या दंडाला दिवसभरासाठी एक पट्टा बांधून दिला. तो अधूनमधून आपोआप फुगून बीपी मोजायचा. बाबा त्याला 'पाहुणे' म्हणायला लागले, कारण न सांगता येतात आणि आले की हात सोडत नाहीत.

दिवसभराचं बीपी निघालं ते असं: सकाळी चांगलं, दुपारी पेपर वाचताना चांगलं, संध्याकाळी एकदम वर, जेवणानंतर परत खाली. संध्याकाळी घरात काय असतं, असं बाईंनी विचारलं. बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

संध्याकाळी तुझा फोन असतो. बाबांना ऐकू कमी येतं म्हणून मी स्पीकर लावते. आधी त्यांची विचारपूस होते, मग त्यांना तुझ्याकडे न्यायचं की इथंच ठेवायचं यावरून आपण दोघं एकमेकांच्या उरावर बसतो, त्यांच्यादेखत, त्यांना काही कळत नाही असं धरून. शेवटी तू विचारतोस बीपी किती, आणि मी फोन ठेवल्या ठेवल्या मोजते. म्हणजे इतके महिने आपण भांडण मोजलं आणि औषध बाबांना दिलं. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. धास्ती बसली की शरीरात अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल असली रसायनं सुटतात. हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय जोरात पंप करायला लागतं, आणि अरुंद वाटेतून रक्त रेटायचं म्हणून दाब चढतो. तुझा फोन झाला की बाबांचे हात गार पडायचे, आणि मी आपली पंखा बंद करत बसायचे. धास्ती गेली की वाहिन्या सैल पडतात, पण रोजच आवळत राहिल्या तर त्यांच्या भिंती कडक होत जातात. ताणून ठेवलेल्या इलॅस्टिकचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. असो, गोळी कमी केली आहे आणि बाबा आता बरे आहेत.

एवढंच असतं तर पत्र इथं संपवलं असतं. निघताना बाईंनी माझा चेहरा बघून माझाही हात मागितला. बाबांचं बीपी चढतं आणि उतरतं, माझं उतरतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत बसवून मोजलं, तरी तेच. सुईत दोरा ओवता येईना, मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पडद्यावरच्या वाहिन्या आकसल्या आहेत आणि एके ठिकाणी रक्त झिरपलं आहे. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी कुठं राहायचं ते त्यांनाच विचारू, आणि ते तुझ्याकडे येतो म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही. पण आधी तू इकडे ये. थोडे दिवस राहा, त्यांचं सगळं तू बघ. बाबांसाठी बोलवायचं असतं तर फोनवर भांडून बोलावलं असतं. स्वतःसाठी मागायची सवय नाही, म्हणून एवढं लांबण लावलं. मी फार दमले आहे रे.

तुझीच,
ढमी