देव्हाऱ्यातला फ्यूज

आई देवळातून यायच्या आत निघायचं म्हणून सिद्धेश्वरीनं उभ्याउभ्याच लिहिलं आणि कागद चहाच्या डब्याखाली सरकवला.

अव्वा,

देव्हाऱ्यातला फ्यूज मी घेतलाय, शोधत बसू नको. तो आपला नाही की, कुंभारी गावच्या गुरुजींचा आहे. गच्चीवर एसीला हात लावायच्या आधी अप्पा फ्यूज काढून खिशात टाकायचे, खाली कुणी चुकून बटण दाबलं तरी वर करंट येऊ नये म्हणून. गेले त्या दिवशीही टाकला होता. दवाखान्यातून त्यांच्या शर्टाबरोबर तो आपल्या घरी आला.

तेव्हापासून गुरुजींचा एसी उघडाच पडलाय. त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलीय, तरी त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही की आपल्याकडं फ्यूज मागितला नाही. मागतील तरी कसे?

इथं तिचं पेन थांबलं. मग तिनं भराभर पुढं लिहिलं.

राहिलेलं काम मी करून येते. आयटीआयला हेच शिकलेय की. तू नको म्हणशील म्हणून विचारलं नाही. अप्पा शॉकनं गेले नाहीत अव्वा, उन्हानं गेले. मी ऊन चढायच्या आत खाली उतरते. पाणी घेतलंय, टोपी पण. वर असेपर्यंत फ्यूज माझ्याच खिशात राहील.

भाकरी झाकून ठेवलीय. माझी वाट बघत उपाशी बसू नको.

तू रोज फ्यूजला विभूती लावतेस, ती मी पुसली नाही. तसाच बसवते.