समास सोडलेली पानं

प्रिय धाकट्या,

परवा सकाळी देवासमोर डोळे मिटून उभा होतो आणि मनात भलतंच चाललं होतं: लोणी किती, साखर किती आणि तू कुठे. हात जोडून मागितलं काय, तर ओव्हन नीट तापू दे. तू शिकलेला बेकरीवाला, मी पुस्तकं बांधणारा. पानगळीच्या सुट्टीआधी शाळेत मुलांची पार्टी आहे, मी येतो आणि लेकीबरोबर बिस्किटं करतो, हा शब्द तुझा. आदल्या संध्याकाळी तुझा निरोप आला, हॉटेलात मोठी ऑर्डर आहे. दुसऱ्यांच्या पोरांचे केक सजवायला तुला बरा वेळ मिळतो. तुझ्या वहिनीचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून हे लचांड माझ्या गळ्यात पडलं.

तुझी पिटुकली झोपताना एवढंच म्हणाली होती, काका, बाईंनी पानांची बिस्किटं आणायला सांगितलीत, सोपी असतात. सगळा जन्म कागदात गेलेल्या माणसाला पान म्हटल्यावर काय दिसणार? पीठ लाटलं, पोलादी पट्टी लावून काटकोनात कापलं, सुरीच्या बोथट बाजूने ओळी आखल्या. गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे डावीकडे समाससुद्धा सोडला. तुझी वहिनी उठून आली आणि ट्रे बघून म्हणाली, अहो, पानगळ म्हणजे काय झाडावरून वह्या गळतात? तोवर सगळी भाजून कडक झाली होती. प्लास्टरमधला हात सांभाळत ती हसत बसली. मी मात्र चिडलो. तिच्यावर नाही, तुझ्यावर.

पिटुकलीने ट्रे पाहिला आणि म्हणाली, छान झालीत. तेच मला लागलं. एवढ्याशा पोरीने अशा वेळी भोकाड पसरावं, पाय आपटावेत. हिला मोठ्या माणसांना सांभाळून घ्यायची सवय लागली आहे. ती कुणी लावली, हे मी सांगायला हवं का?

शाळेत बाकीच्यांच्या डब्यांत लाल, पिवळी, तपकिरी पानं, कुणाचे भोपळे, कुणाच्या खारुताया आणि मधोमध माझं बांधकाम. हिने बाईंना ठणकावून सांगितलं, आमच्या काकांकडे अशीच पानं असतात. बाई हसल्या, त्यांनी चॉकलेट वितळवून दिलं आणि मुलांनी एकेका पानावर आपलं नाव लिहून ते खाल्लं. निदान चावून पाहिलं. एका मुलाचा हलणारा दात तिथेच निकालात निघाला. त्याच्या आईने माझे आभार मानले.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. काल सकाळी पिटुकली शाळेत गेल्यावर तिच्या पलंगाखाली मुंग्यांची रांग दिसली. ती निळ्या बॅगेत शिरत होती. तीच बॅग, जी तिची आई गेल्यावर, चार दिवस ठेवतो म्हणत तू इथे आणून टेकवलीस. दोन वर्षं झाली, ती भरलेलीच आहे. वहिनी कितीदा म्हणाली, कपडे कपाटात लाव गं. तर म्हणते, राहू दे काकू, बाबा आला की घाई करतो. बॅग उघडली. वरच एक बिस्कीट होतं, त्यावर चॉकलेटने लिहिलेलं, 'बाबा'. खाली घडी घातलेले फ्रॉक आणि लाल स्वेटर. दुपारी ती आल्यावर तो तिला घालून पाहिला, तर बाही कोपराच्या जरा खालीच संपली. रोज देवाला सांगत आलो, त्याला बुद्धी दे. काल वाटलं, देवाला तरी किती निरोप पोचवायला लावायचे? आपणच सांगावं.

म्हणून हे पत्र, आणि त्याबरोबरचं पार्सल. काल तिला शेजारी बसवून मी बॅग रिकामी केली. अंगाला होणारे कपडे तिनेच कपाटात लावले. रडली नाही. फक्त विचारलं, मग बाबा आला तर? मी म्हटलं, त्याच्यासाठी खालचा कप्पा ठेवू. तिने तो स्वतः पुसून काढला. तुझ्या पानाचा एक कोपरा मुंग्यांनी खाल्लाय. ते कागदात गुंडाळून बॅगेत ठेवलं आहे, बाकी बॅग रिकामी आहे. आज या पत्रासकट कुरियरवाल्याच्या हाती देतोय. या खेपेला ती तू भर, आणि राहायला ये.

चिडलेला, तरी तुझाच,
दादा