नानांचा कागदी पासपोर्ट

जॉर्ज टाउन, पेनांग (मलेशिया)
९ सप्टेंबर २०२५

चि. सुशांत यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पितृपक्षात कुणी सहलीला जातं का, असं सांगलीत शेजारणीनं मला विचारलं. पितर रागावले तर माझं मी बघीन, असं सांगून निघाले.

आज सकाळी आम्ही उभ्या चढाच्या छोट्या रेल्वेनं डोंगरावर गेलो. वर धुकं, खाली समुद्र, आणि आमच्या ग्रुपला चिंता नाश्त्याची. मग बाजार! अरे, इथे जायफळाचं लोणचं घालतात. आपण बी किसून श्रीखंडात घालतो. हे लोक अख्खं फळ खातात आणि सरबतही करतात. मी दोन ग्लास प्यायले. जायफळानं झोप येते, आता मी बसमध्ये घोरत पडणार, अशी ग्रुपमधल्या प्रल्हादरावांना खात्री होती. उलट तरतरीच आली.

पुढच्या गल्लीत एक दुकान होतं, सगळं कागदाचं. शर्ट, चपला, चष्मा, कवळीसुद्धा! मला वाटलं, नाटकाचं सामान. एक शर्ट आवडला म्हणून मापाला प्रल्हादरावांच्या छातीला लावून पाहिला. दुकानदारीण किंचाळलीच, आणि तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. मग गाइडनं सांगितलं की या वस्तू मेलेल्यांसाठी असतात. इथल्या चिनी लोकांचाही सध्या पितरांचा महिना चालू आहे. वस्तू जाळली की ती त्यांना पोहोचते म्हणे. प्रल्हादरावांनी तेव्हापासून दोनदा बीपी मोजलंय.

मी निघणार, तेवढ्यात पासपोर्ट दिसला. कागदी, आत विमानाचं तिकीट. नावाची आणि पत्त्याची जागा कोरी. तुझ्याकडे यायचं म्हणून नानांनी दोन सफारी शिवून घेतले होते, आणि तुझे ते व्हिसासाठीचे कागद अडकले ते अडकलेच. पुढे कायम मोबाइलवर तुमच्या अमेरिकेतल्या शॉमबर्गचं तापमान बघायचे, आणि तिथे बर्फ पडला की इथे सांगलीत स्वेटर चढवायचे. तुझं घर न बघताच गेले रे. दोन वर्षं झाली, तरी मला ते सहन होत नाही.

म्हणून घेतला, या पत्रासोबत पाठवतेय. नानांचं नाव मी लिहिलंय, तुझ्या घराचा पत्ता तू लिही आणि सर्वपित्रीला जाळ. हसायचं तर हस, पण कर.

प्रीताला आणि इलाला आशीर्वाद. एवढ्या बाजारहाटातही तुमच्यावरचा लोभ जागेवर आहे, तसाच तुमचाही असू द्यावा.

तुझी,
मीनाक्षीताई


शॉमबर्ग
२२ सप्टेंबर २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाकीट शनिवारी, अगदी वेळेवर मिळालं. इलानं फोडलं, आणि आजोबा कुठल्या एअरपोर्टवर उतरणार, त्यांना इमिग्रेशनवाल्याचं इंग्रजी कळेल का, असे तिनं इंग्रजीतून दहा प्रश्न विचारले. प्रीतानं डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात जाऊन आमसुलं आणली, काल चटणी-वडे-खीर असा सगळा स्वयंपाक केला. मी मागे पॅटिओवर ग्रिल पेटवलं आणि पेन घेऊन पत्ता लिहायला बसलो. पेन तसंच खाली ठेवलं.

ताई, माझे कागद अडकले नव्हते. मी ते पाठवलेच नाहीत.

त्या वर्षी प्रीता आणि मी वेगळे राहत होतो. ती लांब फ्रीमाँटला तिच्या भावाकडे, मी इथे एका मित्राच्या बेसमेंटमध्ये. नाना मुलाचा संसार बघायला येणार होते, आणि दाखवायला संसारच नव्हता. पुढच्या वर्षी आमचं जुळलं. आता बोलावू म्हटलं, तर नानांचं हार्टचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी एवढ्या लांबचा प्रवास बंद केला. मग खरं सांगायला तोंडच उरलं नाही.

पासपोर्ट जाळला नाही, कपाटात ठेवलाय. काय करू, तू सांग. आज लोभ मागायचा मला हक्क नाही, तरी मागतो.

तुझा,
सुशांत


सांगली
९ ऑक्टोबर २०२५

चि. सुशांत यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, दोनदा वाचलं. राग आला, अजून आहे. सरकारी कामं अशीच रखडतात, असं मी नानांना वर्षानुवर्षं समजावत राहिले. तुझं खोटं माझ्या तोंडून त्यांनी ऐकलं, याचा सगळ्यात जास्त राग आहे. खरं कळवलं असतंस तर नाना भडकले असते, तुला वाट्टेल ते बोलले असते, आणि मिळेल त्या विमानानं तुझ्यापाशी येऊन बसले असते.

आणि तू एकटा त्या बेसमेंटमध्ये. आम्हाला पत्ताही नाही. ते वाचून रडू आलं ते वेगळंच.

अमावास्या गेली म्हणून थांबू नकोस. पत्ता लिही आणि जाळ. येऊ देत त्यांना, काय बघायचं ते बघू देत.

आता माझं. तू दरवर्षी ये म्हणायचास आणि मी गुडघेदुखी पुढे करायचे. गुडघ्यांना काही झालेलं नाही. नानांना जे मिळालं नाही ते मला नको होतं, एवढंच. आता मला यायचंय.

माझे कागद पाठव.

लोभ आहे. वाढतो की घटतो, ते तुझ्या घरी आल्यावर बघू.

तुझी,
ताई