दाढीच्या वेळची शिट्टी

ती. आई,

लांबूनच पाया पडते. मी मजेत आहे, खोकलाही गेला.

इथल्या वृद्धाश्रमात माझ्याकडे एक शिंपीआजोबा आहेत. ते बायकोलाही ओळखत नाहीत. काल तिने त्यांच्या लग्नातलं गाणं लावलं, तर पठ्ठ्याने तिच्याबरोबर अख्खं म्हटलं! वर तिला म्हणाले, "तू अजून बेसूरच." बाई हसता हसता रडायला लागली. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, बाकीचं गेलं तरी गाणं मेंदूत बरेच दिवस तग धरतं.

रविवारी फोनवर बाबांनी मला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली. घाईत होतं असं, नाही का? तू हसलीस, पण जरा जास्तच हसलीस.

दाढी करताना ते स्वतः जुळवलेली ती चाल शिट्टीवर वाजवतात ना अजून? विचारू नकोस, चिडतील. सकाळी गुपचूप बेसिनपाशी फोन ठेव आणि रेकॉर्ड करून पाठव. शेवटपर्यंत हं, मध्येच त्यांना आंघोळीला पिटाळू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत?

काल मी ती चाल गुणगुणायला गेले, तर अर्ध्यावर अडले. पुढची बाबांशिवाय कुणालाच येत नाही गं.

तुझी,
धाकटी