डेपोतला घरचा माणूस

प्रिय ऋषी,

हा कागद यमुताईच्या हातून पाठवून राहिली. तिचं माहेर खाप्यातच, तुझ्या घरापासून चार घरं पुढं. तिले बजावून सांगितलं आहे की ऋषीच्याच हातात देजो, त्याच्या बायकोच्या, देवकीच्या हातातही देऊ नको. ती म्हणे, आजकाल कोण कागद लिहिते वं, फोन लाव ना. मी म्हटलं, तू कागद ने, अक्कल शिकवू नको. फोन माझ्यापाशी नाही. आठ दिवस झाले, सायबरवाल्या पोलिसांनी ठेवून घेतला. शेजारणीच्या फोनवरून लावला असता, पण आता मले कोणाच्याच फोनचा भरोसा वाटत नाही. तिसरी शिकलेली बाई आहे मी, काना-मात्रा चुकला तर चुकला. पहिलेच सांगून टाकते, तुझी तेल डेपोतली नोकरी जाऊ शकते, आणि कदाचित नुसती नोकरीच नाही. माझ्या तोंडामुळे. आता शेवटपर्यंत वाच, मधातच चप्पल घालून निघू नको.

हुडकेश्वरच्या पंपावर सकाळची पाळी माझी असते, हे तुले माहीत आहे. तुझे भाऊजी महादेवराव टँकर चालवता चालवता गेले, तेव्हा पंपाच्या मालकांनी, मधुसूदन शेठनी, माझ्या हातात नोझल दिली. नऊ वर्षं झाली त्याले. सकाळी सहा वाजता वरून मशीनमध्ये नवा भाव येते. कोणी येऊन बदलवत नाही, आपोआप आकडा पलटते. मी टाकीत काठी टाकून तेल किती उरलं ते पाहते, रजिस्टर भरते, आणि मंग ग्रुपवर बोलून भाव टाकते. आपल्याकडचे ऑटोवाले, ट्रॅक्टरवाले, दोनशेच्या वर लोकं आहेत त्या ग्रुपवर. अर्ध्यांले वाचता येत नाही, अर्धे गाडी चालवत राहतात, म्हणून लिहीत नाही, बोलूनच टाकते. लोकं म्हणतात, प्रेमिलाबाईचा आवाज आला म्हणजे सहा वाजले. मले त्याचा गर्व होता, खोटं काहून बोलू.

आता तू डेपोत पंपांच्या टँकरांचे, लोडाचे कागद बनवतो, तुले काय सांगायचं, तरी सांगते. कंपनीवाले म्हणतात भाव बाजारच ठरवते, सरकार नाही. पण निवडणूक जाहीर झाली की हा बाजार झोपते. जगात तेल वर जावो का खाली जावो, आपल्या मशीनवरचा आकडा जागचा हलत नाही. दीड महिना मी रोज सकाळी एकच बोलून राहिली होती, आजचा भाव कालचाच, कालचा परवाचाच. ऑटोवाले हसत, म्हणत, बाई, एकदाच रेकॉर्ड करा आन् झोपा. आणि जिथं मतदान जवळ, तिथले पुढारी सभेत सांगत, पाहा, आम्ही तेल वाढू दिलं नाही. पंपावर काम करणाऱ्या कोणालेही विचार, मतदान झालं की काय होते. त्यासाठी तिसरीच्या वर शिकावं लागत नाही.

मंग माझ्या पोरीचं, मिनलचं लग्न ठरलं, साक्षगंध झालं. तू हात धुवायले मागं नळावर आला, मी टॉवेल घेऊन उभी होती, आणि तू हळूच म्हटलं, ताई, शेवटचं मतदान झालं की चार दिवसांत वाढवणार आहेत, पंपांले लोड मोजूनच सोडा असा वरून निरोप आहे, लग्नाच्या गाड्यांच्या टाक्या आधीच भरून ठेवजो. आणि म्हटलं, हे घरातच ठेव. मी म्हटलं, मी काय लहान पोर आहो का. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटते.

दहा दिवस पोटात ठेवलं. नाही बोलली. अकराव्या दिवशी सकाळी पंपावर एक ट्रॅक्टरवाला माझ्याशी वाद घालून राहिला होता, म्हणे, आता भाव वाढतच नाही, सरकारनं कायमचा बांधून टाकला, तू बायामाणूस, तुले काय समजते. माझं डोकं सटकलं. भाव टाकायची वेळ झाली होती, फोन हातातच होता. मी बोलली, राम राम, आजचा भाव कालचाच, पण शेवटचं मतदान होऊ द्या, मंग चार दिवसांत पाहा कसा वाढते ते, टाक्या भरून घ्या, मी हवेत बोलत नाही, डेपोत माझा घरचाच माणूस आहे. एवढंच. वीस सेकंदही नसतील. त्या ट्रॅक्टरवाल्याचं तोंड बंद करायले मी तुले बाजारात उभं केलं.

मले वाटलं गोष्ट दोनशे लोकांतच राहीन. दुपारपर्यंत माझा आवाज कुठं कुठं गेला देवाले माहीत. संध्याकाळी पंपावर रांग मेन रोडपर्यंत. लोकं कॅना घेऊन, पिंप घेऊन, एक बाई तर पाण्याचा जार घेऊन आली. मी ओरडून राहिली, कॅनात भेटणार नाही, आणि लोकं मलेच म्हणत, बाई, तुम्हीच तर सांगितलं. तो ट्रॅक्टरवालाही रांगेत होता. आठ वाजता आमची टाकी कोरडी झाली. शेजारच्या दोन पंपांचीही. दगड आला एक, मशीनच्या काचेवर. 

दुसऱ्या दिवशी तिकडं सदर भागातल्या ऑफिसातून कंपनीच्या अदिती मॅडम आल्या. पोरगीच आहे, मिनलपेक्षा चार वर्षं मोठी असन. तिनं मले खुर्ची दिली, ऋषी, मी बसली नाही. ती म्हणे, प्रेमिलाबाई, आचारसंहिता लागू आहे, अशा वेळी ही अफवा म्हणजे काय प्रकरण आहे माहीत आहे का. मी म्हटलं, चुकली मी, रागात बोलली. मंग पोलिसांनी बोलावलं, ठाण्यातही तेच सांगितलं. साहेबानं फोन ठेवून घेतला, समज दिली, मले वाटलं सुटली. कारण तेव्हा मी नुसती खोटारडी बाई होती. तोंडाची फाटकी, पंपावर काम करणारी एक बाई. तशा बाईले कोणी काही करत नाही.

मंग मी रोज सकाळी मशीनसमोर उभी राहून हात जोडू लागली. ज्या बाईनं जिंदगीभर महागाईले शिव्या दिल्या, ती आकड्याले म्हणे, वाढू नको. पण कोणी पाहीन म्हणून हात पदराखाली जोडत होती. शेवटचं मतदान झालं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या दिवशी सहा वाजता आकडा पलटला. मी जसं म्हटलं तसाच, दिवससुद्धा तोच. रांगेतला एक ऑटोवाला ओरडला, वा बाई, तुमच्या घरच्या माणसाची जबान पक्की हाय! बाकीचे हसले, एकानं टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातली नोझल सुटली, खाली पेट्रोल सांडलं. लोकांले वाटलं बाईले ऊन लागलं. सकाळी सहा वाजता कोणाले ऊन लागते का.

त्याच दिवशी दुपारी परत बोलावणं आलं. आणि आता प्रश्न बदलला होता. पहिले विचारत होते, खोटं काहून बोलली. आता विचारतात, खरं कसं समजलं. भाव खोटा निघाला असता तर मी सुटली असती. खरा निघाला म्हणून अडकली. कारण मले पहिलेच माहीत होतं म्हणजे तारीख पहिलेच ठरली होती. आणि तारीख पहिलेच ठरली होती म्हणजे बाजार नव्हता, कोणीतरी बसून ठरवलं होतं. हे त्यांले माहीत नाही असं थोडीच आहे. पण ते माझ्यासारखीच्या तोंडून बाहेर आलं, हे कोणाले तरी झोंबलं आहे. साहेब वाईट माणूस नाही, त्यानं चहा दिला. पण त्यानं सांगितलं की वरून रोज फोन येते. म्हणे, बाई, मले तुमच्याशी घेणंदेणं नाही, ते मले एकच नाव मागतात, डेपोतला माणूस कोण.

तू लहानपणी कसा होता, ते मी विसरली नाही. खाप्यात रॉकेलसाठी मी कॅन घेऊन रांगेत उभी राहायची, तू माझा पदर धरून. रेशनवाला प्रत्येक मापात बाटलीभर कमी द्यायचा, फक्त निवडणुकीच्या महिन्यात माप काठोकाठ भरायचा. तपासणीले साहेब आला. सारी मोठी माणसं म्हणाली, बरोबर भेटते साहेब. आणि तू, आठ वर्षांचं कार्टं, मधात बोलला, नाही साहेब, फक्त मताच्या वेळी बरोबर देते. दोन महिने आपल्याले थेंबभर रॉकेल दिलं नाही त्यानं. बाबांनी तुले मारलं नाही, म्हटलं, पोरगा खरं बोलला.  तू आताही तसाच आहे. मी फसली हे ऐकशील आणि शर्टाची गुंडी लावत ठाण्यात जाशील, म्हणशील, मी सांगितलं होतं, माझ्या बहिणीले सोडा. म्हणूनच मी आठ दिवस तुले काहीच कळवलं नाही. वर्तमानपत्रात माझं नाव नाही आलं, फक्त पंपावरची महिला कर्मचारी एवढंच आलं, हे नशीब.

तर ऐक, मी काय सांगितलं ते. मी म्हटलं, डेपोतला माणूस म्हणजे माझा नवरा. तो टँकर चालवायचा, नऊ वर्षांपूर्वी मेला, लोकांवर छाप पडावी म्हणून मी अजूनही त्याचं नाव सांगत फिरते. चार दिवसांचं कसं समजलं म्हणून विचारलं, तर म्हटलं, पंपावर राहून एवढं समजते, अंदाज लागला, लागला तर लागला. सही केली. मेलेल्या माणसाच्या नावावर खोटं बोलली, तो वरून हसला असन. पण मंग त्यांनी फोनमधली नावं वाचायले घेतली. तुझा नंबर मी "बाबू खापा" म्हणून ठेवला आहे. कोण हा म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ, शेती करतो, संत्र्याचा बगीचा आहे, त्याले पेट्रोल आणि पाण्यातला फरक समजत नाही. साहेबानं लिहून घेतलं. सासरचं आडनाव वेगळं, माहेरचं वेगळं, डेपोच्या कागदावर बहीण म्हणून माझं नाव कुठंच नाही, म्हणून आतापर्यंत जुळलं नाही. किती दिवस जुळणार नाही, ते सांगता येत नाही. रोज गाडी थांबली की मी पहिले चाकाकडं पाहते, मंग माणसाकडं. पोलिसांची असन का म्हणून. भाजी चिरताना दार वाजलं तर बोट कापून घेते. मी, जी कधी कोणाच्या बापाले भ्याली नाही. तुले फोन आला तर तू शेतकरी आहे, समजलं? संत्र्याचा मृग बहार धरला का अंबिया, ते पाठ करून ठेव.

आता ज्यासाठी हा कागद लिहिला ते. मिनलच्या लग्नाले येऊ नको. तू नको, देवकी नको, लेकरं नको. लग्न पंपाच्या मागच्या लॉनवर आहे, मधुसूदन शेठनीच करून दिलं, आणि त्यांनी कौतुकानं अदिती मॅडमले बोलावलं आहे, दुसऱ्या पंपांचे मालकही येतील, ज्यांच्या लोडाच्या कागदावर रोज तुझी सही असते. वराकडचे साक्षगंधापासून तुले डेपोवाले मामा म्हणून हाका मारतात. मांडवात एकानं ती हाक मारली की संपलं. पत्रिका मी परत छापून घेतल्या, मामाकडच्या मंडळींत तुझं नाव नाही. वाईट वाटून घे, मले शिव्या दे, पण घरीच बस आणि त्या दिवशी डेपोत हजेरी लाव. मिनलले मी खरं नाही सांगितलं, म्हटलं, मामाले सुट्टी नाही भेटली.  ती म्हणे, आई, मंग मले मांडवात हात धरून कोण नेईन? लोकं म्हणतील विधवा बाईनं पुढं होऊ नये, ते मले माहीत आहे. मी म्हटलं, मी नेईन.

तुझीच, तोंडाची फाटकी,
ताई