चोवीस पिल्लांचं मस्टर

तीर्थरूप अक्का,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या पदरी पडलेल्या निवृत्त हजेरी-कारकुनाचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (गेल्या खेपेला उजवा दुखत होता. आता डाव्यानेही त्याची री ओढली असेल तर कळवा, औषधपाण्यातलं मला हल्ली बरंच कळतं.) अण्णांनी कानाचं यंत्र घेतलं म्हणे. ते लावतात, की तुम्ही बोलायला लागलात की काढून ठेवतात? फोनच करणार होतो, पण तुमच्याकडचा फोन अण्णा उचलतात, आणि मी ओरडून सांगितलेलं एक त्यांना सोडून सगळ्या गल्लीला ऐकू जातं. तेव्हा पत्रच बरं.

इकडचं कुशल विचाराल, तर सगळा दोष तुमचा आहे. तुम्ही मोठ्या मायेने भोकं पाडलेल्या खोक्यातून एक दिवसाची चोवीस पिल्लं बहिणीला धाडलीत, आणि त्याच संध्याकाळी मुलगी पंधरा दिवस आधीच बाळंत झाल्याचा फोन आला. ही तासाभरात पिशवी भरून निघाली. एक पाय रिक्षात, एक रस्त्यावर, अशा अवस्थेत तिने मला पिल्लांबद्दल चार सूचना दिल्या. मी त्या वेळी कुलपाची किल्ली शोधत होतो, त्यामुळे पाणी आणि भरडा एवढ्याच डोक्यात शिरल्या. दिवा आणि भुसा वाऱ्यावर गेले. पाचवं वाक्य मात्र नीट ऐकलं: आल्यावर चोवीस मोजून घेईन. अक्का, छत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने माझ्या भरवशावर कुंडीतलं झाडसुद्धा सोडलेलं नाही. (एकदा सोडलं होतं. तो विषय नको.) चोविसातलं एक जरी कमी भरलं तर उरलेला जन्म मला ऐकून घ्यावं लागणार, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी कपाटातून कोरं मस्टर काढलं, रेघा मारल्या आणि पिल्लांना एक ते चोवीस नंबर दिले. कोणता नंबर कोणाचा, हे पिल्लांनाही माहीत नव्हतं आणि मलाही, पण रजिस्टर असलं की माणसाला धीर येतो.

त्याच दुपारी जेवून मागच्या खोलीत डोकावतो तर काय, अकरा पिल्लं आडवी! माना लांब, पाय एका बाजूला, डोळे मिटलेले. खोटं कशाला सांगू, मला रडू कोसळलं. अकरा नंबरांपुढे लाल शाईने शेरा मारला आणि तसाच अनवाणी कोपऱ्यावरच्या गुरांच्या डॉक्टरकडे धावलो. भला माणूस, म्हशीला अर्धी सोडून आला. त्याने वाकून पाहिलं आणि खोक्यावर टिचकी मारली. अकराच्या अकरा मयत उठले आणि भरडा खायला गेले. लहान जीव असाच अंग टाकून झोपतो म्हणे. पुढच्या खेपेला मयताला आधी हाक मारून बघत चला, असंही जाताना म्हणाला. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मस्टरवर खाडाखोड नव्हती. त्या दिवशी अकरा झाल्या.

दिव्याचं शास्त्रही त्यानेच शिकवलं. पिल्लं दिव्याखाली एकमेकांच्या उरावर चढून चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजते. चोच उघडी टाकून कडेला पळाली असतील तर उकडतं. मजेत चहूकडे पसरली असतील तर त्यांना आपली गरज नाही. मी दिव्याला दोरी बांधली आणि खुर्ची टाकून बसलो. गोळा झाली की दिवा खाली, पांगली की वर. असा मी दोन दिवस विहिरीवर पाणी शेंदल्यासारखा दोरी ओढत होतो. मग शेजारचे शिंपी आले, त्यांनी दोरीला एक गाठ मारली आणि ते निघून गेले. तेव्हापासून दिवा योग्य जागी आहे.

चौथ्या दिवशी खरं संकट आलं. एक पिल्लू कोपऱ्यात फुगून बसलं, खाईना, हलेना. उचलून उलटं केलं तर मागची बाजू विष्ठा वाळून पार लिंपलेली, म्हणजे वाटच बंद. एकेक तपासता अशी सात निघाली. डॉक्टर म्हणाला, असंच ठेवलं तर दोन दिवसांत जातील. उपाय काय, तर कोमट पाणी आणि कापूस. भिजवत राहायचं, ओढायचं नाही (ओढलं तर कातडी निघते), मग टिपून, तेलाचं बोट लावून दिव्याखाली सोडायचं. अक्का, ज्या माणसाने पोटच्या पोरीचा लंगोट कधी बदलला नाही, त्याने एका सकाळी सात बुडं धुतली. तेव्हा मी म्हणायचो, मला कामावर जायचंय. ही एका हाताने पोरीला धरून दुसऱ्या हाताने माझा डबा भरायची. हे मला आत्ता, पासष्टाव्या वर्षी, कोंबडीचं पिल्लू तळहातावर धरल्यावर उमगलं. लाज वाटली, ती तुम्हाला कळवतो. तिला कळवायचं धाडस नाही.

आता धुतलेली सात ओळखायची कशी? इथे माझी नोकरी आडवी आली. आमच्या कारखान्यात आजारी रजा लाल शाईने मांडायचे. तेव्हा मी सातांच्या डोक्यावर टाकाने एकेक लाल ठिपका दिला आणि समाधानाने चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत आत दंगल! लाल दिसलं की ही जात टोचा मारते, हे कारकुनाला कोण सांगणार? सतरा निरोगी पिल्लं सात आजाऱ्यांच्या टाळक्यावर तुटून पडली होती, आणि आजारीसुद्धा एकमेकांना सोडत नव्हते. डॉक्टरने मला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मग जखमांवर आणि शाईवर जांभळं औषध फासलं, ते पिल्लांना थोडं आणि मला जास्त लागलं. दूधवाला माझी बोटं बघून दोन दिवस दूध दुरूनच ओतत होता, आणि शिंप्यांनी विचारलं, मतदान कधी झालं?

पण विद्या अंगी मुरली हो! आता मी चालण्यावरून दुखणं सांगतो. परवा शिंपी खांदे पाडून, डोळे अर्धे मिटून ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या बायकोला सांगितलं, यांना वेगळं काढा आणि पाणी बदला.

पुरे करतो. अण्णांना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, तुमच्या खुराड्यातल्या वडीलधाऱ्या कोंबड्यांना आदरपूर्वक सलाम.

आपला,
बहिणीचा नवरा (तात्पुरता पिल्लांचा)

ता. क. वरचा सगळा गोंधळ पहिल्या दहा दिवसांतला आहे. पिल्लं आता पाच आठवड्यांची झाली. चोवीसही ठणठणीत आहेत आणि राक्षसासारखी खातात.

ता. क. २. तीच तर पंचाईत आहे. रोज फोनवर हिने पिल्लं कशी म्हणून विचारलं की मी मूर्खासारखा चोवीस हजर म्हणून सांगतो. ती म्हणते, मग बरं झालं, अजून आठवडाभर राहते. असं चारदा झालं. पत्र लिहायचं खरं कारण हे, की तुम्ही तिला फोन करून सांगा, दोन-तीन पिल्लं मलूल दिसतात म्हणे. मी सांगितलं असतं, पण माझं खोटं तिला माझ्या खोकल्यावरून कळतं. मला घरात करमत नाही, अक्का. स्वयंपाक जमतो, पण समोर कोणी नावं ठेवायला नसलं की घास उतरत नाही.

ता. क. ३. थांबा, तिला फोन करू नका. पाकीट चिकटवण्याआधी पाणी बदलायला गेलो, तर एक पिल्लू खरंच भिंतीशी उभं आहे. पंख गळालेले, डोळे मिटलेले, विष्ठेत रक्त. टिचकी मारून पाहिली, हाक मारून पाहिली. डॉक्टर येऊन पाण्यात पूड देऊन गेला, मी ओला भुसा काढून कोरडा घातला. या पिल्लाला वेगळं करून टोपलीत घालून माझ्या मांडीपाशी घेतलंय, चमच्याने थेंब थेंब पाजतोय. आत्ताच एक थेंब गिळला. हे हिला कळलं तर बाळाला टाकून रडत येईल, आणि तिकडे पोरीला आईची गरज आहे, हे मला आता कळतं. तुम्हाला याहून काही जास्त माहीत असेल तर मला कळवा. तिने विचारलंच, तर सगळं ठीक आहे म्हणा. राहू दे तिला हवे तितके दिवस.