नेलिदाच्या केकचा लिलाव

प्रिय पप्पा,

सलाम. तुम्ही गेल्यापासूनचं हे पहिलंच पत्र. मधे बऱ्याचदा लिहावंसं वाटलं, पण म्हटलं, तुम्हाला रडगाणं कशाला ऐकवायचं? आता मात्र राहवत नाही. परवा रविवारी मी हंगामाच्या सणाचा लिलाव पुकारला, पप्पा! इथे, नेदरलँड्समध्ये, आल्मेरेतल्या एका शाळेच्या जिममध्ये, तोही स्पॅनिशमधून! आणि त्याचा असा काही विचका केला की ऐकून तुम्ही आधी पोट धरून हसला असतात, मग रागावला असतात आणि मग पुन्हा हसला असतात.

हे सगळं सांगायचं तरी कुणाला? मम्मी आपल्याकडच्या सणाला कायम पातेल्यांपाशी असायची. चर्चच्या अंगणात टेबलावर चढून पुकारायचं काम तुमचं. एरवी एवढे गंभीर पाळकसाहेब, पण सणाच्या दिवशी अडत्यांना लाजवेल असा आवाज काढायचा! मंडळीनं देवाला आणलेला भोपळा, ज्वारीचं पोतं, कोंबडी, जे असेल ते हातात धरून ओरडायचात. बोली जिंकणारा पैसे टाकायचा आणि म्हणायचा, "परत देवाला!" की वस्तू पुन्हा टेबलावर. जितक्या वेळा परत, तितका आणणाऱ्याचा मान. एका वर्षी मार्थाकाकूंचा कोंबडा इतका फिरला, इतका फिरला, की शेवटी तुम्ही आशीर्वाद देताना तुमच्या आधी तोच 'आमेन' म्हणाला. मार्थाकाकू महिनाभर मान ताठ करून चालत होत्या!

मी पुण्याला स्पॅनिश शिकायला गेले तेव्हा किती कुरकुरला होतात तुम्ही. "मिशनचं काम करायचंय ना तुला? मग ग्रीक शीक, हिब्रू शीक. हे मधलंच काय काढलंस?" मिशनला स्पॅनिश येणारं माणूस हवंय म्हटल्यावर मात्र सगळ्या तालुक्याला सांगत सुटलात. मला वाटलं होतं मेक्सिको, नाहीतर कोलंबिया. कडक ऊन, लाल माती, आपल्यासारखीच धूळ. आणि पाठवलं कुठे? तर इथे, पावसात! कामासाठी दक्षिण अमेरिकेतून आलेल्या लोकांची लहानशी मंडळी आहे, तिला मदतनीस हवी होती. त्यामुळे माझं असं झालंय की दुकानात डच, चर्चमध्ये स्पॅनिश आणि सायकल घसरली की मराठी.

सुरुवातीला फार चुकले हो मी. तुमच्यासारख्याच गृहभेटी करायच्या म्हणून निघाले. संध्याकाळ झाली की कुणाचंही दार वाजवायचं, प्रार्थना करायची, चहा प्यायचा. शेजारच्या डच आजोबांची बेल वाजवली, तर ते दारातूनच म्हणाले, "आपलं आज ठरलं होतं का?" नव्हतं ठरलं. त्यांनी डायरी आणली आणि मला पुढच्या महिन्यातला गुरुवार दिला! गेले मी त्या गुरुवारी. एक कप कॉफी, एक बिस्किट, डब्याचं झाकण बंद. पण माणूस गोड. आता तेच मला जिन्यात थांबवून विचारतात, "आपला गुरुवार कधी?"

आपली स्पॅनिश मंडळी मात्र अगदी आपलीच. उपासना दोनला ठेवली की तीनला येणार. आल्यावर प्रत्येकाच्या गालाला गाल लावणार, मग कुणाच्या गुडघ्याची, कुणाच्या इथे राहायच्या परवान्याची चौकशी होणार आणि मग देवाकडे लक्ष. मला सगळे 'एर्माना कृपा' म्हणतात. एर्माना म्हणजे भगिनी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा राहुरीची आपली मंडळीच आठवली.

आणि नेलिदा! तिच्याबद्दल मी फोनवर सांगायचे, आठवतंय? मी तिच्याच फ्लॅटमध्ये एका खोलीत राहते. कोलंबियाची आहे, नवरा डच होता, तो वारला. स्वतःचं केस कापायचं दुकान आहे आणि हातात कात्री नसली तरी जीभ तेवढंच काम करते. मी आले त्या आठवड्यात माझी वेणी हातात धरून म्हणाली, "मिहा, देवाची सेवा करायला एवढे केस कशाला लागतात?" मिहा म्हणजे पोरी. पण ताप आला तेव्हा माझ्या उशाशी बसून सूप पाजणारीही तीच. मंडळीत पंचांचं काही ठरायचं असलं की आधी नेलिदाचं तोंड बघतात.

आता खरी गोष्ट सांगते. माझी मुदत वसंतात संपतेय. तुम्ही विमानतळावर बजावलं होतंत ना, "दोन वर्षं. काम कर आणि परत ये. तिथे मुरू नकोस." मुरले हो, पप्पा. मला इथे आवडतं. पंच या महिन्यात ठरवणार होते की मला आणखी तीन वर्षं ठेवा असं मिशनला कळवायचं की नाही. माझी रोज प्रार्थना चालली होती, 'ठेवू देत.' आणि मम्मीला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? तुम्ही गेलात आणि पाळकाचं घर नव्या पाळकांना द्यावं लागलं. मम्मी आता संगमनेरला मामाकडे एका खोलीत राहते. दर रविवारी फोनवर विचारते, "मग, तिकीट कधीचं काढतेस?" मी म्हणते, "बघू, प्रभूची इच्छा." वाक्य कुणाचं आहे, ओळखलंत?

तुमच्यावर एक राग आहे तो इथेच काढून घेते. छातीत दुखत होतं, तर मला का नाही सांगितलंत? "तब्येत ठणठणीत," म्हणत राहिलात, मम्मीलाही गप्प बसवलंत. मातीला पोचले तेवढंच. दुसरं कुणी मंडळीतलं असं वागलं असतं तर तुम्ही त्याला वेदीसमोर उभं करून झापलं असतंत!

असो. रविवारकडे येते.

सणाची कल्पना मीच काढली. पंचांना सांगितलं, आमच्याकडे पहिलं पीक देवाला देतात. म्हणाले, "एर्माना, आम्ही इथे काय पिकवतो? आल्मेरेत तर गवत पण नगरपालिका कापते." म्हटलं, ज्याच्या हाताचं जे, ते आणा. तर काय काय आलं! कुंडीतली मिरची, विणलेली टोपी, भरलेले पाव, कुणी सायकलची दुरुस्ती करून देण्याची चिठ्ठी आणली. आणि नेलिदाचा तीन दुधांचा केक. भिजवलेला, वर पांढरी साय, एवढा नाजूक की ती घरापासून गाडीत तो मांडीवर घेऊन आली होती. दोन दिवस खपत होती. मला बोटही लावू दिलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या मुग्धाताईंनाही मी बोलावलं होतं. पुण्याच्या आहेत, ॲमस्टरडॅमला आयटीत जातात. मी मिशनरी आहे कळल्यावर त्यांनी आधी विचारलं होतं, "अगं, म्हणजे इथल्या लोकांना ख्रिस्ती करायला आलीस? ते तर आधीपासूनच आहेत ना?" त्यांना म्हटलं, पहिली बोली तुम्ही जिंका आणि परत द्या, म्हणजे लोकांना रीत कळेल. त्या म्हणाल्या, "मला शिकवतेस? आमच्या मंडळात गणपतीच्या नारळाचा लिलाव असाच होतो."

केक पहिला घेतला. खुर्चीवर चढले आणि तुमचा आवाज काढला, पप्पा! मुग्धाताईंनी बोली जिंकली, पैसे दिले आणि ठसक्यात म्हणाल्या, "परत!" मी केक पुन्हा उचलला. लोक जरा गोंधळले, पण वाटलं असेल, रीत आहे. मग पंचांपैकी विल्सनभाऊंनी जिंकला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि घाबरत घाबरत तेही म्हणाले, "परत." मी टाळ्या पिटल्या! तिसऱ्यानंही परत दिला. मला तर अंगणातच असल्यासारखं झालं. वाटलं, आता नेलिदाची मान मार्थाकाकूंसारखी ताठ होणार!

बघते तर नेलिदा उभी. चेहरा पांढराफटक. पुढे आली, माझ्या हातातून केक घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पैसे देऊन सुद्धा माझा केक कुणाला घरी न्यायचा नसेल, तर तो मीच नेते." आणि गेली निघून!

अशी फजिती आयुष्यात झाली नव्हती माझी. केवढी बावळट मी! सगळं सांगितलं होतं, पण परत देण्यात मान असतो हे सांगायचंच राहिलं. ते सांगावं लागतं हेच डोक्यात आलं नाही. आपल्याकडे ते लहान पोरालाही ठाऊक असतं. विल्सनभाऊ हळूच म्हणाले, "एर्माना, संध्याकाळी पंचांची बैठक आहे. तुझाच विषय आहे. आणि नेलिदा येणार आहे." झालं! म्हटलं, भरा आता बॅग.

घरी आले तर तिच्या खोलीचं दार बंद. सोमवारी तिचं दुकान बंद असतं, त्यामुळे सकाळी ती स्वयंपाकघरात भेटलीच. केक टेबलावर तसाच. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुमचं टेबल, ज्वारीची पोती, मार्थाकाकूंचा कोंबडा, आमेन. ती ऐकत होती. कोंबड्यापाशी तिचा ओठ हलला, पण हसली नाही. म्हणाली, "माझ्या गावात दिलेला पदार्थ परत आला की समजायचं, त्या घराशी संबंध संपला."

"मला माहीत नव्हतं," म्हटलं.

"आता झालं ना माहीत? बस." सुरी आणली, केकचा हा एवढा तुकडा माझ्यापुढे सरकवला. मी खाल्ला. आणि पप्पा, काय सांगू! तुम्ही असतात तर हा केक देवाला सुद्धा परत दिला नसतात.

मग तिनं बैठकीचं सांगितलं. म्हणाली, "मला विचारलं, ठेवायची का पोरीला? मी म्हटलं, आधी पोरीला विचारते. तुला राहायचंय का?"

मी म्हटलं, "प्रभूची इच्छा असेल तर."

अहो, टेबलावर हात आपटला तिनं! "प्रभूला मी विचारेन प्रार्थनेत. आता तुला विचारतेय. तुझी इच्छा काय?"

कुणी मला हे कधी विचारलंच नव्हतं. सेवेतल्या माणसानं आवडतं म्हणून कुठे राहायचं असतं का? मग मात्र बांध फुटला. म्हटलं, हो, राहायचंय. मला हा पाऊस आवडतो, उशिरा येणारी मंडळी आवडते, आजोबांचा गुरुवार आवडतो, तू आवडतेस. पण माझी आई एकटी आहे. रडत रडत बोलले, तोंडात केक.

नेलिदा म्हणाली, "मग हे जसंच्या तसं तुझ्या आईला सांग. आत्ता. तिनं हो म्हटलं तर पंचांना मी सांगते." आणि माझा फोन माझ्या हातात दिला.

मम्मीनं उचलला. तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, "मम्मी, मला इथे आवडतं. मला अजून तीन वर्षं राहायचंय. मिशन सांगतंय म्हणून नाही. मलाच राहायचंय." शेंगा सोलल्याचा आवाज थांबला. मला वाटलं, रडतेय.

मग म्हणाली, "किती वर्षांनी ऐकलं गं हे वाक्य!" मला कळेना. म्हणाली, "तुझ्या पप्पांनी मला गावोगाव फिरवलं. मी जिथे जाईन तिथे, लोक तुळस लावतात तसा दारात कढीपत्ता लावायचे, तो जरा मोठा झाला की बदली. दरवेळी मला म्हणायचे, 'प्रभूची इच्छा आहे.' मी प्रभूशी कशी भांडणार? एकदा तरी म्हणायचं होतं, मला जावंसं वाटतं. तू काय म्हणतेस? म्हणजे मलाही 'नाही' म्हणता आलं असतं. तू निदान खरं बोललीस. राहा तू."

तुम्हाला माहीत होतं का हे, पप्पा? सगळ्या गावाची दुखणी दारात उभं राहून ऐकणारे तुम्ही, घरातलं हे एवढं कसं ऐकू आलं नाही? रागावून नाही विचारत. तुम्ही तिच्यावर किती माया केलीत ते मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त विचारलं नाहीत.

मी घाईघाईत म्हणाले, "मम्मी, तूच ये ना इथे! उन्हाळ्यात ये, सहा महिने राहा, मी सगळं करते, व्हिसा, तिकीट..." आणि तिकडून मम्मी शांतपणे म्हणाली, "हे विचारतेयस की सांगतेयस?"

आणि मग विचारलं. नीट विचारलं. ती म्हणाली, "विचार करून कळवते."

अजून कळवलेलं नाही. ती येईल असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं झालं. म्हणून तुम्हाला शब्द देते, पप्पा. ती 'येते' म्हणाली तर आणीन. 'येत नाही, तूच ये' म्हणाली तर येईन. आणि जे काही होईल, त्यात माझी इच्छा कुठली ते माझ्याच नावानं सांगेन, देवाच्या नावावर टाकणार नाही. तोवर रोज फोन करीन आणि तिकिटाबद्दल चकार शब्द काढणार नाही. उत्तर द्यायला मम्मीला हवा तेवढा वेळ घेऊ दे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिला विचारलंय.

तुमची लाडकी आणि आता थोडी मुरलेली,
कृपा